“तुझा रोल कोणता?” : नाटक शिकणाऱ्या मुलांचा कॅपस्टोन

मूल इंजिनीअरिंगला किंवा कॉम्प्युटर सायन्सला गेलं की शेवटच्या वर्षी काय काय होतं, हे आता आपल्या घरांत सगळ्यांना तोंडपाठ झालंय. इंटर्नशिप कधी, इंटरव्ह्यू कधी, ऑफर कधी, सगळं. नाटक शिकायला गेलेल्या मुलाच्या आईबाबांची मात्र पंचाईत होते. मागच्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या ताईंचा निरोप आला. मुलगा थिएटर मेजर, शेवटचं वर्ष, एप्रिलमध्ये त्याचा ‘कॅपस्टोन’ आहे. ताई विचारतात, “विमानाची तिकिटं काढून जायचं का? ते नाटक असतं की परीक्षा? आणि तो त्यात कामच करत नाहीये, मग आम्ही बघायचं काय?”

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या फार ओळखीचा आहे.

आमची लेक शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिचा एकदा फोन आला. “आई, माझा कॅपस्टोन ठरला. मी ‘अवर टाउन’ची स्टेज मॅनेजर.” तिच्या बाबांनी लगेच इंटरनेटवर शोधलं. थॉर्नटन वाइल्डरचं नाटक, १९३८ सालचं, पुलित्झर मिळालेलं. आणि त्यातलं मुख्य पात्र कोण? तर स्टेज मॅनेजर! म्हणजे आपला सूत्रधारच. पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर, प्रेक्षकांशी बोलणारा. बाबांनी त्याच रात्री पुण्याला फोन लावला, पोरीला मुख्य भूमिका मिळाली म्हणून. आजीने सोसायटीत पेढे वाटले.

आठ तास गाडी चालवून आम्ही पोचलो आणि दुसऱ्या रांगेत बसलो. एक उंच, हडकुळा मुलगा डोक्यावर हॅट घालून आला, त्याने टेबल-खुर्च्या मांडल्या आणि नाटक कोणी लिहिलंय वगैरे सांगू लागला. पहिला अंक संपला, दुसरा संपला. लेकीचा पत्ता नाही. मग मी अंधुक उजेडात प्रोग्रॅम वाचला. तिचं नाव नटांच्या यादीत नव्हतंच. ते होतं त्याखाली, तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांच्या यादीत. आणि ती स्वतः होती आमच्या पाठीमागे, अगदी वर, काचेच्या खोलीत.

प्रयोगानंतर ती लॉबीत आली तेव्हा बाबा म्हणाले, “छान झालं गं, पण तू कधी येतेस म्हणून वाट बघत बसलो.” ती हसली. मग गप्प झाली. ते गप्प होणं मला अजून आठवतं. म्हणून आज हा विषय.

तर कॅपस्टोन म्हणजे बांधकामाच्या माथ्यावर बसवायचा शेवटचा दगड. कळस म्हणा हवं तर. कुठे त्याला सीनियर प्रोजेक्ट म्हणतात, कुठे सीनियर थीसिस, कुठे ऑनर्स थीसिस. नाव काहीही असो, कल्पना साधारण एकच. नाटकाच्या अनेक कामांपैकी एक काम विद्यार्थ्याने निवडायचं, एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली ते पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडायचं, आणि मग त्याबद्दल लिहायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. काम अभिनयाचं असू शकतं. एखादी मोठी भूमिका, किंवा स्वतःच लिहिलेला एकपात्री प्रयोग. दिग्दर्शनाचं असू शकतं, बहुतेक वेळा एकांकिकेचं. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, ध्वनी यांतलं काहीही. नाट्यलेखन असेल तर नटांनी हातात संहिता घेऊन केलेलं अभिवाचन. काही मुलं चक्क नाट्येतिहासावर चाळीस-पन्नास पानांचा प्रबंध लिहितात. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ते नाटकही असतं आणि परीक्षाही असते.

इथे बीए आणि बीएफए यांतला फरक लक्षात घ्या. बीए करणारी मुलं नाटकाबरोबर इतरही बरंच काही शिकतात, पुष्कळदा दुसरा मेजरही करतात. बीएफए ही एका अंगाची कसून तालीम असते, अभिनय तर अभिनय, प्रकाश तर प्रकाश. अभिनयाच्या बीएफएवाल्यांना शेवटच्या वर्षी पुष्कळ ठिकाणी ‘शोकेस’ असतो. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला एजंट आणि कास्टिंग डायरेक्टर मंडळींसमोर दोन-तीन मिनिटांचे छोटे प्रवेश करून दाखवायचे. शोकेस म्हणजे नोकरीचा बाजार. कॅपस्टोन ही वेगळी गोष्ट. तिकीट काढण्याआधी मुलाला विचारून घ्या, कशाचं आमंत्रण आहे.

कॅपस्टोनची सुरुवात प्रयोगाच्या कितीतरी आधी होते, बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात. मुलांना एक प्रस्ताव लिहावा लागतो. हेच नाटक का, आत्ता का, मीच का. नट किती लागतील, जागा कोणती, खर्च किती, तालमी कधी. विभागातले प्राध्यापक तो वाचतात आणि पुष्कळदा परत पाठवतात. त्या दिवसांत मूल फोनवर चिडचिडं वाटलं तर कारण हे असू शकतं. जागा सहसा ‘ब्लॅक बॉक्स’ मिळते, म्हणजे काळ्या भिंतींची मोकळी खोली, खुर्च्या हव्या तशा मांडता येतील अशी. बजेट बेताचं. मग मागच्या नाटकातले दरवाजे पुन्हा रंगवून वापरा, सेकंडहँड दुकानातून कपडे आणा. आपल्याकडे एकांकिका स्पर्धा केलेल्यांना यात नवीन काही नाही. पुण्यात १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत ज्यांनी रात्री जागवल्या, ते म्हणतील हे तर आम्ही क्रेडिटशिवाय केलं!

पण एक गोष्ट आपल्या मंडळांच्या सवयीपेक्षा फार वेगळी आहे, तिच्यावर जरा थांबते. ती म्हणजे प्रयोगाचे हक्क.

गणपतीत नाटक बसवताना लेखकाची परवानगी हा विषय आपल्यातल्या किती जणांच्या डोक्यात येतो, हे मी विचारत नाही. कॉलेजात मात्र त्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॉनकॉर्ड थिएट्रिकल्स, ड्रॅमॅटिस्ट्स प्ले सर्व्हिस, म्युझिक थिएटर इंटरनॅशनल अशा कंपन्यांकडे नाटकांचे हक्क असतात. अर्ज करायचा, दर प्रयोगाचे पैसे भरायचे, आणि संहितेतलं एक वाक्यही परवानगीशिवाय बदलायचं नाही. प्रयोगाचं चित्रीकरणही वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाही. म्हणून मंडळी, फोन वर धरून आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर नाटक दाखवू नका. शेजारच्यांचा रसभंग होतो तो वेगळाच.

अमेरिकेत जुन्या प्रकाशित नाटकांचा हक्क प्रकाशनानंतर ९५ वर्षं राहतो. म्हणजे १९३८ चं ‘अवर टाउन’ २०३४ च्या पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी खुलं होईल. इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ चं, मूळ नाटक केव्हाच मोकळं झालंय. पण त्याचं अलीकडचं इंग्रजी भाषांतर वापरायचं असेल तर भाषांतरकाराची परवानगी हवीच. मुलं इथे हमखास फसतात.

आणि आपल्या मुलांना हे विशेष लागू आहे, कारण त्यांतल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी वाटतं की कॅपस्टोनला मराठी नाटक करावं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ करायचं होतं. नाटक १९६७ चं. प्रिया आडारकरांचं इंग्रजी भाषांतर छापील मिळतं, ते त्याने ग्रंथालयातून आणलं आणि त्याला वाटलं झालं काम. पण पुस्तक हातात असणं आणि प्रयोग करायचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी. तेंडुलकर २००८ साली गेले, नाटकाचे हक्क शाबूत आहेत, भाषांतराचे वेगळे. पत्रव्यवहार सुरू केला तोच उशिरा, आणि प्रस्तावाची तारीख निघून चालली. शेवटी त्याच्या प्राध्यापिकेने विचारलं, तुमच्या भाषेत याहून जुनं काही नाही का?

जुनं? आपल्याकडे सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तिथपासून नुसता खजिना पडलाय! त्या मुलाने देवलांचं ‘संगीत शारदा’ निवडलं. १८९९ चं नाटक, देवल १९१६ साली गेले, हक्काचा प्रश्नच नाही. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी पोर, हा विषय अमेरिकन वर्गमित्रांना समजावून सांगावा लागला नाही. त्यातले निवडक प्रवेश त्याने स्वतः इंग्रजीत आणले, त्यामुळे भाषांतराचा हक्क त्याचाच. मिरजेच्या आजीला दर रविवारी फोन. “आजी, या शब्दाचा अर्थ काय?” आजी अर्थ सांगायची आणि वर पद म्हणून दाखवायची. त्याचं मराठी त्या सहा महिन्यांत जेवढं सुधारलं तेवढं आमच्या रविवारच्या शाळेत आठ वर्षांत सुधारलं नव्हतं. तेव्हा तुमचं मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असेल आणि त्याच्या मनात असं काही असेल, तर हक्कांची चौकशी आत्ता सुरू करायला सांगा. या कामी आईबाबांच्या भारतातल्या ओळखींचा खरोखर उपयोग होतो.

आता पुन्हा आमच्या काचेच्या खोलीकडे.

पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आमच्या हॉटेलवर आली ती एक जाडजूड फाइल घेऊन. ‘प्रॉम्प्ट बुक’ म्हणतात तिला. एका बाजूला नाटकाचं पान, समोरच्या बाजूला कोण कुठून येतं, कोणत्या शब्दावर उठतं, कुठे बसतं याच्या खुणा. सगळं पेन्सिलीने, कारण तालमीत रोज बदलतं. समासात आकडे. प्रकाश बदलला की आकडा, आवाज आला की आकडा. ‘अवर टाउन’मध्ये नेपथ्य जवळजवळ नसतंच. नट दूधवाल्याच्या बाटल्या हवेतच धरतात, आणि त्यांची किणकिण पाठीमागून येते. कोंबडा आरवतो, आगगाडीची शिटी होते. ही सगळी माणसं स्वतःहून बटणं दाबत नाहीत. कानावर हेडसेट लावून वरच्या खोलीतून एकजण सांगतो : “लाइट्स ४२, स्टँडबाय.” खालून उत्तर येतं. मग नेमक्या शब्दावर, “लाइट्स ४२, गो.” हा ‘गो’ शब्द हेडसेटवर एरवी कोणी उच्चारायचाच नाही. चुकून कोणी बोललं तर दिवे बदलायचे!

तालमीच्या खोलीत जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी आख्खा रंगमंच आखणं हे तिचंच काम. रोज रात्री सगळ्या विभागांना अहवाल पाठवणं हेही तिचंच : तालीम किती वाजता सुरू झाली, कोण उशिरा आलं, कुठली खुर्ची मोडली. प्रयोगाआधी अर्धा तास नटांच्या खोलीत जाऊन “हाफ आवर” म्हणून हाक द्यायची. नट उत्तर देतात, “थँक यू, हाफ आवर.” हे आभार प्रदर्शन नव्हे, ऐकू आलं याची पोच आहे. मग पंधरा मिनिटं, पाच मिनिटं, आणि शेवटी “प्लेसेस”. आपली तिसरी घंटा प्रेक्षकांनाही ऐकू येते, ही हाक आतल्या आतच राहते. आणि इथल्या पद्धतीप्रमाणे पहिला प्रयोग झाला की दिग्दर्शकाचं काम संपतं. पुढचा प्रत्येक प्रयोग ठरला तसाच होतोय ना, हे बघणं स्टेज मॅनेजरकडे येतं. एकवीस वर्षांच्या मुलीकडे!

तिचे बाबा आयुष्यभर कारखान्यातलं प्रॉडक्शन बघत आलेले. त्यांनी ती फाइल पहिल्या पानापासून उलटायला घेतली. मधेच विचारलं, “इथे शिटी दोनदा खोडून पुन्हा लिहिलीयस?” ती म्हणाली, “तो नट वाक्य कधी हळू म्हणतो, कधी भरभर. आधी मी शब्दावर सोडत होते. आता त्याच्या श्वासावर सोडते.” बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचं पान उलटलं.

आता थोडं व्यवहाराचं. प्रयोगाच्या आधीच्या आठवड्याला ‘टेक वीक’ म्हणतात. दिवे, आवाज, कपडे सगळं पहिल्यांदा एकत्र येतं, आणि एकेका प्रकाशबदलासाठी अर्धा-अर्धा तास थांबावं लागतं. या आठवड्यात फोन करू नका. उचलला जाणार नाही, आणि मग तुम्ही काळजी करणार. पाठवायचंच असेल तर न सांडणारं, एका हाताने खाता येणारं काही पाठवा. कंट्रोल बोर्डजवळ आमटी नेता येत नाही. आम्ही शंकरपाळे पाठवले होते. ते सगळ्या क्रूने संपवले म्हणे.

गुणांचं काय? प्रयोग रंगला की ए, पडला की सी, असं सहसा नसतं. सुरुवातीपासून ठेवलेली टिपणवही, शेवटचा लेखी अहवाल, प्राध्यापकांसमोरची तोंडी चर्चा हे सगळं धरलं जातं. प्रयोगात दिवे गेले तर विद्यार्थ्याने काय केलं आणि त्यातून त्याला काय कळलं, हे तिथे विचारतात. म्हणून ‘नाटक फ्लॉप झालं’ एवढ्यावरून घाबरून जाऊ नका. आणि कृपा करून प्राध्यापकांना फोन लावू नका. १९७४ च्या फेर्पा कायद्याप्रमाणे कॉलेजातल्या विद्यार्थ्याची शैक्षणिक माहिती ही त्याची स्वतःची असते. फी तुम्ही भरत असलात तरी मुलाच्या संमतीशिवाय ते सहसा तुमच्याशी गुणांबद्दल बोलणार नाहीत.

“पुढे काय?” हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण आपल्या घरांत तो रोज विचारला जातो. नाट्यक्षेत्रात पैसा अनिश्चित आहे, हे मुलांना आपल्याहून चांगलं ठाऊक असतं. पण ज्यांचं काम पडद्यामागे आहे त्यांना कॅपस्टोनची फाइल थेट उपयोगी पडते. डिझाइनची मुलं त्यातूनच पोर्टफोलिओ करतात, स्टेज मॅनेजर प्रॉम्प्ट बुक घेऊन मुलाखतीला जातात. अॅक्टर्स इक्विटी ही १९१३ सालची संघटना नटांइतकीच स्टेज मॅनेजरांचीही आहे. पडद्यामागच्या कारागिरांची आयाट्सी तर १८९३ पासूनची. नाटकाबाहेरही, कॉन्फरन्स भरवणाऱ्यांपासून क्रूझच्या जहाजांपर्यंत, ही कामं लागतात. एक सावधगिरी मात्र : ज्यांची मुलं एफ-१ व्हिसावर आहेत त्यांनी लक्षात घ्या, पदवीनंतर ओपीटीवर १२ महिने काम करता येतं, पण स्टेम विषयांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ नाटकाच्या पदवीला मिळत नाही. आणि एच-४ वर वाढलेल्या मुलांना २१ पूर्ण झाली की स्वतःचा वेगळा दर्जा लागतो. ते वय नेमकं याच सुमारास येतं. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला वेळेत भेटायला सांगा.

तर ताई, जरूर जा. जाण्याआधी नाटक वाचून ठेवा. मुलगा नेपथ्य करत असेल तर पाच मिनिटं लवकर जाऊन रिकामा रंगमंच बघा. प्रकाशाचं काम असेल तर एखाद्या प्रवेशात नटाकडे न बघता भिंतीकडे बघा. आणि दोन प्रयोग असतील तर दोन्ही बघा. शेवटच्या प्रयोगाच्या रात्री मात्र जेवायला बाहेर नेण्याचा बेत आखू नका. त्या रात्री ‘स्ट्राइक’ असतो, म्हणजे सगळं उतरवून, मोडून, झाडून जागा रिकामी करायची. तो झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

आम्हाला हे माहीत नव्हतं. शनिवारचा प्रयोग आम्ही शेवटच्या रांगेतून पाहिला, मान वळवली की काचेपलीकडे निळ्या उजेडात तिचा चेहरा दिसेल अशा जागी. बाबांनी निम्मं नाटक मान वळवूनच पाहिलं. आगगाडीची शिटी झाली तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. नंतर आम्ही पार्किंगमध्ये थांबलो. रेस्टॉरंट अकराला बंद झालं. साडेबाराला ती बाहेर आली, मनगटात चिकटपट्टीच्या दोन गुंडाळ्या बांगड्यांसारख्या, केसांत भुसा. गाडीत बसून थंड झालेले थालीपीठ तिने भराभर खाल्ले. बाबांनी विचारलं, “मग उद्या त्या खोलीत काय असतं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “सोमवारी दुसऱ्या कुणाची तरी तालीम आहे. मी जमिनीवरच्या पट्ट्या काढून आले.”